किकवीकर साहेबांच्या वाटचे पेढे

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आज आठ दिवस झाले आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर अजून कुणाला पत्ता नाही. कॅनडाच्या वेल्हेकर बाईंनी परवा विचारलंय, "आप्पा कंडक्टर कुठे आहेत? आठवडा झाला, एकीलाही माहेर विचारलं नाही, तब्येत बरी आहे ना?" बातमी टाकायची ती मीच. पाच वर्षं तुमचं सगळं टायपिंग मी केलं, तर हेही माझ्याच वाट्याला येणार. पण मी रोज खुर्चीत बसते, दोन ओळी लिहिते आणि पुसते. कारण खाली नाव घालावं लागतं, आणि पानावर माझं खरं नाव नाही. तिथं मला सगळे 'किकवीकर' म्हणतात. तुम्हीसुद्धा तेच म्हणायचात.

तर आधी सांगून टाकते. आप्पा, किकवीकर म्हणजे मी. नसीम. घड्याळवाल्यांची.

तुमच्यापासून हातभर अंतरावर बसून मी हे पाच वर्षं लपवलं. तुम्ही तंबाखू मळता मळता किकवीकरावर चिडायचात, "लई शाना समजतो सोताला," आणि मी मान खाली घालून तेच टाइप करायचे. तौबा! हसू दाबून दाबून माझा जबडा दुखायचा.

पहिला दिवस आठवतो? भोरात अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्याच्या मागच्या अर्ध्या भागात मी तासाच्या भाड्यानं वापरायला चार कॉम्प्युटर मांडलेले. नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं आणि लागताना मांजरं भांडल्यासारखा आवाज करायचं. तुम्ही छत्री आपटत आलात. एस.टी.तून रिटायर होऊन वर्ष झालं होतं, पण अंगावरची खाकी काही सुटली नव्हती.

"हितं म्हनं आमच्याबद्दल काय तरी लिवलंय. दाखव."

लिहिलं होतं खरं. जगभरचे मराठी लोक जिथं गप्पा मारतात अशा एका साइटवर भोर-वेल्ह्याचं एक पान होतं. तिथं 'मिरची' असं नाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलं होतं, की वेल्ह्याच्या गाडीला एक कंडक्टर असायचे, तिकीट फाडता फाडता या सीटवरच्या बाईच्या लेकीचं बाळंतपण त्या सीटवरच्या बाईला सांगायचे. पडद्यावरचं बारीक अक्षर तुम्हाला लागेना, म्हणून मी तुम्हाला ते वाचून दाखवलं. म्हणजे दाखवत होते. 'तिकीट'वर अडले, 'बाळंतपणा'त तर बराच वेळ गेला. मला वाटलं तुम्ही आता भडकणार. तर तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

"आगं खरंय की! कोन गं ही मिरची? कुणाची?" आणि लगेच माझ्याकडे वळून, "आनि तू कुणाची?"

आपल्याकडे हे असंच. पण नाव विचारलं की माझी पंचाईत होते. मी अडखळते, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. दुसऱ्या कुठल्याही शब्दावर अडले तर वळसा घालता येतो. 'भाकरी' निघाली नाही तर मी 'जेवण' म्हणते, 'मंगळवार' निघाला नाही तर 'उद्या' म्हणते. नावाला वळसा नाही. मी 'न... न...' करायला लागले की समोरचा मदतीला धावतो. "नसरीन? नाझनीन? नजमा?" मी दमून मान हलवते. म्हणून निम्म्या भोरात मी नसरीन आहे, भाजीवाल्या मावशींची नाझनीन आहे आणि पोस्टमनची नजमा. घरी लग्नाच्या पत्रिका तिन्ही नावांनी येतात आणि अम्मी कपाळावर हात मारते.

तुम्ही मदतीला धावला नाहीत. छत्री गुडघ्यावर आडवी टाकलीत आणि निवांत बसलात. "सावकाश. म्या रिकामाच हाय." आणि खरोखर बसून राहिलात. नाव बाहेर पडल्यावर "नसीम. ब्येस नाव हाय" एवढंच म्हणालात, आणि पुढं एकदाही चुकला नाहीत. मला तेव्हाच तुम्ही आवडलात. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

मग तुमचं खातं उघडायचं निघालं. मी म्हटलं टोपणनाव निवडा. तुम्ही म्हणालात, टोपणनाव चोराला लागतं. तुमचं पहिलं लिखाण मला अजून पाठ आहे: "स.न.वि.वि. मी आप्पा कंडक्टर, मु.पो. उत्रोली, वय साठाच्या जवळ, बी.पी.ची गोळी सकाळी एक. मंडळीचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं, आता सुई ओवते. धाकटे जावई किकवीजवळ हायवेच्या हॉटेलात म्यानेजर, स्वभावानं बरे आहेत. मिरचीबाईंनी माझ्याबद्दल लिहिलं ते खरं आहे. मिरचीबाई, तुमचं माहेर कुठलं?" आणि सगळ्यात खाली, "माझा पासवर्ड उत्रोली असून कुणाला लागल्यास वापरावा."

मी ओरडलेच, "आप्पा, प... पासवर्ड सांगायचा नसतो!"

"का? पास दडवून कसं चालंल? मागितला की दाखवायचा. आयुष्यभर म्या लोकांस्नी तेच सांगितलं."

आपण पासवर्ड बदलला. दोन दिवसांत तुम्ही नवा पासवर्ड स्टँडवरच्या चहावाल्याला सांगून आलात. परत बदलला. शेवटी मीच एक घालून ठेवला आणि तुम्हाला सांगितला नाही, तर तुम्ही सगळ्या पानाला कळवलंत, "माझा पास नसीमकडे जमा आहे."

लोक काय हसले हो! पण त्या हसण्यानंच पान जागं झालं. तोवर तिथं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कुणी 'हवालदार', कुणी 'गडावरचा वारा', कुणी नुसतेच आकडे. तुम्ही एकेकाला गाडीत पकडल्यासारखं पकडलंत. "वारासाहेब, गडावरचे म्हणजे कुठले? पालीचे का? पालीत कुणाचे?" महिन्याभरात वारासाहेबांनी चुलत्याचं नाव सांगितलं. हवालदार म्हणजे पोलीस नव्हतेच, बँकेत होते. आणि ज्यांना भोर सोडून वीस वर्षं झाली होती ते आपापल्या गल्लीचं नाव लिहायला लागले.

कॅनडाच्या बाई वेल्ह्यातल्या आईच्या काळजीत असायच्या. त्यांनी पानावर एकदा लिहिलं, आई फोनवर सगळं बरंच आहे म्हणते, खरं काय कळत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून वेल्ह्याला. परत आलात ते थेट माझ्याकडे. "लिही. आईला भेटलो. ठणठणीत हाय. चहात साखर दोनदा घातली, म्हंजी इसरते थोडी. पन तुमच्या लहानपनीचं सगळं आठवतंय, तुमी मास्तरांच्या खिशात बेडूक घातलावता त्ये बी सांगितलं." बाईंनी उत्तरात नुसतं लिहिलं, "आप्पा, मी ऑफिसात रडतेय आणि हसतेय." तुम्ही ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंत.

आणि मिरचीचं प्रकरण. तेही लिहिते, कारण तुम्हाला ते शेवटपर्यंत टोचत होतं. पहिल्याच वर्षी मिरचीनं तुम्हाला एकट्याला निरोप पाठवला, की नवऱ्याशी पटत नाही, सहा महिने झाले पालीला आईकडे आहे. तुम्हाला राहवेना. तुम्ही म्हणालात, ह्ये पानावर टाक, चार लोक धीर देतील, गाडीत एकीचं दुःख सगळ्यांनी वाटून घेतलं की हलकं होतं. मी म्हटलं नको. तुम्ही म्हणालात टाक. मी टाकलं; तो दोष माझाही. तिनं एक ओळ लिहिली, "आप्पा, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," आणि पान सोडून गेली.

तुम्ही आठवडाभर फिरकला नाहीत. आलात तेव्हा दाढी वाढलेली. माफीची चार वाक्यं सांगायला तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. दिवाळीत ती परत आली, तुमच्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, तेव्हा तुम्ही दुकानात सगळ्यांना लाडू वाटलेत. पण त्या आठवड्यात मी मनाशी पक्कं केलं होतं, या माणसाला आपलं काही म्हणून सांगायचं नाही. आप्पा सोन्यासारखे आहेत, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

म्हणून तर किकवीकर. आजोळचं गाव घेतलं, बाईमाणूस वाटू नये म्हणून 'मी आलो, मी गेलो' असं लिहायला लागले, आणि अल्ला, काय सुख होतं ते! तिथं मला कुणी वाक्य पुरं करून देत नव्हतं. बोलताना तुंबलेलं सगळं धो धो बाहेर यायचं. मी भांडायचे, टोमणे मारायचे, आणि सगळ्यात जास्त तुमच्याशी. तुमची बाजू दुपारी तुम्ही सांगायचात आणि मी टाइप करायचे; माझी बाजू तुम्ही उठून गेल्यावर.

आपलं भांडण एकच. तुमचं म्हणणं, माणसानं नाव-गाव सांगून बोलावं, बिननावाचा माणूस म्हणजे काळ्या काचांची जीप, आत कोण आहे कळत नाही. माझं म्हणणं, नाव नसलं की माणूस खरं बोलतो. एकदा किकवीकरानं तुम्हाला चांगलं कोंडीत पकडलं. "आप्पा, तिकिटावर तुम्ही कधी कुणाचं नाव लिहिलंत का?" मी ते वाचून दाखवलं आणि मनात म्हटलं, आता बोला! तुम्ही तंबाखूची चिमूट तशीच बोटात धरून बसलात. मग म्हणालात, "लिही. नाव न्हाई लिवलं. पन कुठं जायचं त्ये परत्येकाला इचारलं. किकवीकर साहेब, तुमी कुठं जानार त्ये तरी सांगा."

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. लग्न कधी, हे विचारायचे. दवाखाना केला का, हे विचारायचे. कुठं जायचंय हे नाही. तुम्ही गेल्यावर मी लिहायला बसले आणि लिहून मोकळी झाले: मला कॉम्प्युटर शिकवायचा आहे. इथल्या एका क्लासला माणूस हवा आहे. पण पहिला प्रश्न नावाचा असणार, आणि मला माझंच नाव सांगता येत नाही. मागच्या वेळी मी दारातूनच परत आलो. कुणी नाव विचारलं की मी गप्प बसतो.

लिहिताना हे डोक्यातच आलं नाही, की दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणारी मीच.

काय वाचलं, कसं वाचलं! शब्दागणिक अडले. घाम फुटला. आणि शेवटाकडे माझी जीभ घसरली. पडद्यावर 'परत आलो' होतं, मी 'परत आले' वाचलं. 'गप्प बसतो' होतं, मी 'गप्प बसते' म्हणून गेले. म्हणून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. हळूच पाहिलं. तुम्ही रस्त्याकडे बघत होता. बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याच्याकडे तुमचं सगळं लक्ष.

"झालं वाचून?"

"व्हय."

"मग लिही. किकवीकर साहेब..." आणि मी सुटकेचा श्वास सोडला. साहेब म्हणाले म्हणजे ऐकलं नाही!

पुढचं तुम्ही इतकं हळू सांगितलंत, की मला एकदाही 'थांबा' म्हणावं लागलं नाही. "किकवीकर साहेब, माझ्या गाडीला एक म्हातारी असायची. तोंडात दात न्हाई. गावाचं नाव सांगंस्तोवर एक थांबा मागं पडायचा. गाडीतली मानसं हसायची, आपल्या मनानं गावं सांगायची. म्या म्हनायचो, गप ऱ्हावा, ती सांगंल. कारन मला तिकीट तिच्या गावाचं फाडायचं हाय, तुमच्या न्हाई. साहेब, तुमचं नाव इचारनारा कुठं पळून जातोय? त्यालाच तुमच्याशी काम हाय. बसंल की त्यो. तुमी पुरतं नाव सांगा. अर्ध्यावर कुनाचं उसनं नाव घेऊ नका."

मला कीबोर्ड दिसेना. तुम्ही म्हणालात, "ऱ्हस्व-दीर्घ नीट बघ गं, शिकलेला मानूस हाय त्यो."

मी मुलाखतीला गेले. सरांच्या समोर अर्ज होता, ते त्यात बघून "नसीम ना?" म्हणणार, तेवढ्यात मी हात वर केला आणि म्हटलं, "थ... थांबा." आणि सांगितलं. किती वेळ लागला देव जाणे. सर कुठंही पळाले नाहीत. आता दोन वर्षं मी सकाळी तिथं शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या दिवशी मुलांनी वर्गात मला बरोबर नावानं हाक मारली ते सांगायला मी तुमच्याकडेच धावले होते. पण कुणाच्या सांगण्यावरून धीर केला ते तेवढं गिळलं. पानावर किकवीकरानं मात्र लिहिलं, "आप्पा, काम झालं. तुमच्यामुळे झालं."

ते ऐकून तुम्ही उठलात आणि बाजारातून पाव किलो पेढे घेऊन आलात. पुडा माझ्यासमोर ठेवलात. "किकवीकर साहेब काय हितं यायचं न्हाईत. त्यांच्या वाटचं तू खा."

मी सहा खाल्ले. तुम्ही समोर बसून बघत होता आणि म्हणत होता, "आजून एक घे, साहेबांस्नी गोड आवडत आसंल." मला वाटलं, किती भोळा माणूस!

गेल्या महिन्यात तुम्ही शेवटचं सांगितलंत ते, "किकवीकरांना लिही, एकदा उत्रोलीला जेवायला या, नव्या तांदळाचा भात घालतो. नाव न्हाई इचारनार." मी टाइप केलं. उत्तर द्यायला हात धजला नाही. आज देऊ, उद्या देऊ, असं करता करता राहिलं. आप्पा, ह्याचंच मला आठ दिवस वाईट वाटतंय. भांडायला पाच वर्षं वेळ होता आणि 'येतो' म्हणायला नव्हता.

आज सकाळी उत्रोलीला तुमच्या घरी माईंकडे गेले होते. बातमी टाकायची तर कुणाकुणाला काय कळवायचं, ते विचारायला. माईंनी जन्मात कॉम्प्युटरचा पडदा बघितलेला नाही. पण ओसरीवर बसून त्यांनी मला एकेक नाव सांगितलं. "कॅनडावालीला कळीव, पन म्हनावं आईला इतक्यात सांगू नगंस, म्हातारीचा लई जीव व्हता ह्यांच्यावर. हवालदाराला हितं यायला लावू नगं, त्याचं गुडघ्याचं आपरेशन झालंय. वाऱ्याला पोरगी झालीया, बारशाचं आवतान व्हतं. मिरचीला जरा जपून सांग, आता कुठं तिचं घर मार्गी लागलंय." मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक? माई म्हणाल्या, "घरात पाऊल टाकलं की चालू व्हायचं. पहिला घास तोंडात जायच्या आत म्या सगळ्या पानाची हालहवाल ऐकलेली आसायची."

मी म्हटलं, "आणि क... किकवीकरांना?"

"कोन?"

"किकवीकर."

"ह्यो कोन? नवा हाय का?"

"पाच वर्षं आहे, माई. रोज भांडायचा आप्पांशी."

माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "न्हाई गं बाई. ह्ये नाव ह्यांच्या तोंडून कवा आलंच न्हाई. आन त्या मानसानं मला न सांगता एक गोष्ट ठेवली न्हाई."

आप्पा, मी खांबाला टेकले. टेम्पो. 'साहेब'. सहा पेढे. तुम्हाला ठाऊक होतं! त्या 'बसते'पासून ठाऊक होतं, आणि तुम्ही, साक्षात तुम्ही, ते पोटात ठेवलंत. घरीसुद्धा नेलं नाहीत. आणि भोळं मी तुम्हाला समजत होते!

"सांग की," माई म्हणाल्या, "कोन हाय त्यो?"

"म..." म्हटलं आणि अडले. ओसरीवर शेजारच्या दोघी होत्या, त्यातली एक माझा शब्द पुरा करायला पुढं सरसावली. माईंनी तिच्याकडे न बघता हात आडवा केला आणि माझ्याकडे बघत बसून राहिल्या. कसलीच घाई नसल्यासारख्या.

"म... मी, माई. मी किकवीकर. न... नसीम."

माई ताडकन सरळ बसल्या. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आस्सं! चाळीस वर्सं संसार केला, आन ह्या मानसानं माझ्यापासून चोरून ठिवली ती ही एवढी एक गोष्ट! थांब, वर गेल्यावर बघतेच त्यांच्याकडं." आणि त्यांना हसू फुटलं, मला फुटलं, हसता हसता दोघी रडलो, आणि अंगणात भेटायला आलेली चार माणसं सुतकाच्या घरात हे काय चाललंय म्हणून बघत राहिली.

तर आप्पा, ही बातमी, आणि हे सगळं, आत्ता पानावर टाकते. खाली नाव घालते. माई खरंच रागावल्यात बरं का, उत्तर तयार ठेवा.

नसीम
घड्याळवाल्यांची, भोर